बसऱ्याच्या नोंदवहीतली नावं : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

आज १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री या पलटणीच्या पानांना हात घातला. नवीन मंडळी आली आहेत, तेव्हा पार्श्वभूमी एकदा इथेच लिहून ठेवते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, १९१४ पासून ऑगस्ट १९२१ अखेर जे मेले आणि ज्यांना कुठे मूठमाती मिळाली हे ठाऊक नाही, अशा चाळीस हजारांहून जास्त माणसांचं स्मारक बसऱ्याला आहे. ते १९२९ साली उभं राहिलं. ब्रिटिश शिपायांची नावं दगडावर कोरली, आपल्या सुभेदार-जमादारांचीही कोरली. हवालदारापासून खालच्या हिंदी माणसांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या लिहिली. त्यांची नावं गेली ती कागदी नोंदवहीत. हा भेदभाव झाला हे अशी स्मारकं आणि कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ च्या अहवालात स्वतःच मान्य केलं आहे.

इकडे गावातही तीच गत. सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत इंग्रजी अक्षरांची संगमरवरी पाटी आहे: या गावातून अमुक माणसं महायुद्धात गेली, पैकी अमुक जणांनी प्राण दिले. पुन्हा आकडाच. त्या आकड्यातली माणसं कोण, हे गावातल्या आजच्या पिढीला सांगता येत नाही आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो.

नोंदवहीतल्या बऱ्याच ओळींत नाव, हुद्दा, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, इलाखा एवढं सगळं आहे. सगळं इंग्रजीत, कुणा कारकुनाच्या कानाने ऐकलेलं. ही प्रत्येक ओळ देवनागरीत आणायची आणि तिच्या गावाशी नेऊन जोडायची, एवढंच आपलं काम.

५ जून

रकाने ठरले. ‘दिसतं तसं’ या रकान्यात छापलेलं स्पेलिंग अक्षर न अक्षर तसंच उतरवायचं, उघड उघड चुकलेलं असलं तरी. शेजारी ‘वाचन’, म्हणजे आपल्या मते देवनागरीत ते नाव काय असावं. त्यापुढे खात्री: पक्की, बहुधा किंवा अंदाज. शेवटी पान आणि स्कॅनचा क्रमांक.

पहिला रकाना एकदा तपासून झाला की कुलूपबंद. नंतर त्याला कोणीच हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. ‘वाचन’ शंभरदा बदललं तरी चालेल, कारण आपलं गावांचं आणि आडनावांचं ज्ञान वाढत जाणार आहे. छापलेलं आहे ते मात्र तेच राहणार. पुढे कुणाला आपलं वाचन पटलं नाही, तर त्याला मूळ ओळीवरून स्वतःचं वाचन करता आलं पाहिजे.

एकाने विचारलं, जाधव तर स्वच्छ दिसतंय, मग दोनदा कशाला टाइप करायचं? कारण जे दिसतंय ते जाधव नाहीच. तिथे शेवटी ‘ओ’ आहे.

८ जून

आडनावांत आठवडा जाणार असं दिसतंय, आणि जाऊ दे. वंशावळ शोधणाऱ्याच्या हातात सुरुवातीला आडनावाखेरीज दुसरं काही नसतं.

शेवटच्या ‘व’ला तेव्हाचे कारकून सरसकट ‘ओ’ लावत: जाधाओ, महादेओ. हे सोपं, कारण नियम लागतो. अवघड ते पुढचं. ‘के ए एल ई’ म्हणजे काळे की काले? ‘के ए टी ई’ म्हणजे काटे, काते की काठे? ‘जी ए डी ई’मध्ये गाडे आहेत, गाढेही असू शकतात. रोमन लिपीत ळ आणि ल एकच, ट आणि त एकच, ड आणि द एकच, ण आणि न एकच. ह्रस्व-दीर्घाचा तर प्रश्नच नाही. पहिल्या नावांचंही तेच: ‘बी ए एल ए’ म्हणजे आपल्या बाजूला बहुतेक वेळा बाळा. पण ‘बहुतेक’ शब्द आला की खात्रीच्या रकान्यात ‘बहुधा’च लिहायचं.

पोवार-पवार वेगळं सांगते, कारण दोघांनी यादीत ‘पोवार’ दिसलं की बिनधास्त ‘पवार’ करून टाकलं होतं. कोल्हापूर भागात आणि खाली कोकणात पोवार हे आडनाव आजही जसंच्या तसं आहे, घरच्या कागदावर तसंच लागतं. कारकुनाने पवारचं पोवार केलं की मूळच पोवार होतं, हे स्पेलिंगवरून कळणार नाही. गावावरून कळेल. म्हणून आडनावाचं वाचन गाव ओळखल्याशिवाय ‘पक्की’ करायचं नाही. साळुंखे, साळुंके, सोळंकी यांनाही हाच नियम.

आपोआप बदल करणारं सूत्र शीटमध्ये कोणीही घालू नये. सगळे पवार एका झटक्यात दुरुस्त होतात आणि त्यातले पोवार कायमचे हरवतात.

११ जून

शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डिजिटल यादीत हिंदी शिपायाचं अख्खं नाव बहुतेक वेळा आडनावाच्याच चौकटीत भरलेलं असतं, आणि अनुक्रम पहिल्या नावाने लागतो. त्यामुळे आडनावाच्या चौकटीत जाधव टाकून ‘पासून सुरू होणारी’ नावं मागवली तर धोंडी जाधव, भिकू जाधव हाती लागतच नाहीत. माणसं म्हणतात, आमचे पणजोबा यादीत नाहीत. ते असतात, ‘धो’खाली असतात.

१६ जून

आज दिवसभर तालुके.

नोंदवही छापली गेली तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा नव्हे. तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हे सगळं तेव्हा साताऱ्यात. १९४९ मध्ये त्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणून ‘सातारा’ वाचून आजच्या सातारा जिल्ह्याच्या गावयादीत शोधाल तर निम्मी गावं सापडायची नाहीत. रत्नागिरीतही तसंच, मालवण, देवगड, वेंगुर्ला १९८१ पासून सिंधुदुर्गात. कुलाबा म्हणजे रायगड.

खानापूर दोन आहेत, एक तेव्हाच्या साताऱ्यातला आणि एक बेळगावातला. दोन्हीकडून मराठा पलटणींत भरती झालेली. खेडही दोन, पुण्याचं आणि रत्नागिरीचं. तालुका वाचून थांबायचं नाही, त्यापुढचा जिल्हा उतरवल्याशिवाय ओळ पुरी धरायची नाही.

माण तालुक्याचं स्पेलिंग ‘एम ए एन’. दहिवडीकडच्या तीन ओळींत टाइप करणाऱ्याला तो इंग्रजी शब्द वाटला आणि त्याने गाळला. त्या ओळींत गावापुढे थेट जिल्हा लागला आणि माणसाचा तालुकाच गेला. दुसऱ्या तपासणीत तिन्ही परत आणल्या.

गाव ओळखायला मुंबई इलाख्याचे जुने गॅझेटियर कामाला येतात, साताऱ्याचा १९ वा खंड आणि रत्नागिरीचा १० वा. पण लहान वाड्या त्यांत नसतात. तिथे त्या भागातला माणूसच लागतो. पाटण खोऱ्यातली दोन नावं आज कोणत्याच नकाशावर मिळेनात. आमच्यातले निवृत्त सुभेदारसाहेब म्हणाले, “अहो ताई, ती गावं कोयनेच्या पाण्याखाली गेली.” त्यांनी पटापट सांगितलं, वर कुठलं गाव होतं, खाली कुठलं, आणि लोक धरणामुळे उठून कोणत्या कोणत्या जिल्ह्यांत गेले. अशा ओळींसाठी ‘आजचं ठिकाण’ असा वेगळा रकाना केला. गाव बुडालं तरी त्या शिपायाचं गाव तेच राहील. पणतू मात्र भलत्याच जिल्ह्यात बसून शोधत असणार, त्याला वाट दिसली पाहिजे.

२१ जून

हस्तलिखित पानांत ‘यू’ आणि ‘एन’चा घोळ. तानू की तान, गनू की गन? प्रत्येक ओळ दोघांनी एकमेकांचं न बघता टाइप करायची आणि जिथे फरक पडेल तिथे तिसऱ्याने स्कॅन मोठा करून बघायचं, हीच पद्धत चालू ठेवू. वेळ दुप्पट लागतो, लागू दे. नाही लागलं वाचता तर चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह. अंदाजाने नाव घडवायचं नाही.

२८ जून

११० मराठाच्या यादीतल्या तारखा बघून मन सुन्न झालं.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफोनची लढाई, मग माघार घेत कुत-अल-अमारा हे गाव, आणि ७ डिसेंबरपासून वेढा. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. तेव्हा सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, कित्येकांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. नोंदवहीत हे एका शब्दानेही नाही. पण यादी तारखेने लावली की सगळं दिसतं: २२ नोव्हेंबर १९१५ च्या आसपास नावांची दाटी, मग वेढ्यातले तुटक मृत्यू, आणि एप्रिलनंतर महिनोन्‌महिने चालणारी, लढाई नसलेल्या तारखांची रांग.

कैदेत गेलेल्यांच्या बाबतीत काही ठिकाणी एक तारीख नसून ‘अमुक ते अमुक दरम्यान’ असं आहे. ते जसंच्या तसं उतरवा. दोन्ही टोकं लिहा, मधली एखादी तारीख निवडू नका. घरात वर्षश्राद्ध कोणत्या तिथीला घालायचं याचा निर्णय कुणी त्यावर करू शकतो.

१९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा दाटी दिसते. ती सगळी लढाईची म्हणून धरू नका. शरकतची लढाई तेव्हाचीच आणि इन्फ्लुएन्झाची साथही तेव्हाचीच. कारण दिलेलं नसेल तर कारणाचा रकाना मोकळा.

४ जुलै

एका घरातून फोन आला. बाई साधारण साठीच्या, बोलणं घाटावरचं. “आमच्या सासऱ्यांचे आजोबा लढाईत गेले ते आलेच नाहीत. दहाव्या पलटणीत होते म्हणायचे. तुमच्याकडं दहावी पलटण हाय का?”

दहावी पलटण आमच्या यादीत नाही. पण हे मला आधी भेटलेलं आहे. १९०३ मध्ये तेव्हाचा सरसेनापती लॉर्ड किचनेर याच्या फेररचनेत मुंबई इलाख्याच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले, त्यात १० ची ११० झाली. घरातल्या म्हाताऱ्यांनी जुनाच आकडा धरून ठेवला. तसंच कुणी ‘काळी पाचवी’ म्हणालं तर १०५ बघायची, ‘जंगी पलटण’ म्हणालं तर १०३. पुढे १९२२ मध्ये पुन्हा सगळे क्रमांक बदलले आणि या साऱ्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियनी झाल्या, म्हणून नातवंडं आणखी तिसराच आकडा सांगतात. घरच्यांनी सांगितलेला आकडा कधीही चूक म्हणून बाजूला टाकू नका. तो कोणत्या काळातला ते शोधा.

त्यांना विचारलं, घरात काही जुनं आहे का, कागद, बिल्ला? म्हणाल्या, देव्हाऱ्यात एक चांदीचा बिल्ला आहे, दसऱ्याला पूजेत ठेवतात. त्यांच्या नातवाने फोटो पाठवले. राजाचा मुखडा असलेली बाजू अगदी झळझळीत काढलेली. मी परत फोन केला, “दादा, तोंडावरचा नको, कडेचा काढा. नाण्याची कड असते ना, तिथला.”

महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. हे बहुतेक घरांना माहीत नसतं आणि पूजेत घासून घासून ती अक्षरं झिजतात. नातवाने तिरप्या उन्हात, पदक हळूहळू फिरवत फोटो काढले. पहिल्यात नंबर लागला. दुसऱ्यात हुद्दा आणि पहिलं नाव. आडनावाची मधली दोन अक्षरं जवळजवळ सपाट, पण शेवट स्पष्ट. पलटण ११०.

आमच्या नोंदवहीत त्याच पलटणीत तोच नंबर आहे. पहिलं नाव तेच. आडनावाचं स्पेलिंग पदकावर वेगळं, नोंदवहीत वेगळं, आणि घरात आज लावतात ते तिसरंच. तरी माणूस एकच, कारण पलटण आणि नंबर दोन्ही जुळले. नुसत्या नंबरावर कधी जाऊ नका, प्रत्येक पलटणीची नंबरं वेगळी चालत, तोच आकडा दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाचा असतो.

मी त्यांना नोंदवहीतली ओळ वाचून दाखवली. बापाचं नाव आलं, गाव आलं. मग शेवटी बायकोचं नाव. काही ओळींत बापाऐवजी किंवा बापाबरोबर ‘अमुकीचा नवरा’ असं लिहिलेलं असतं. बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तिचं नाव आमच्यात कुणालाच ठाव नव्हतं. म्हातारी म्हणूनच ऐकलंय.”

आजपासून पत्नीच्या नावाला स्वतंत्र रकाना. आतापर्यंत ते ‘इतर माहिती’त जात होतं. आपल्या वंशावळींत, घरोघर वंशावळ सांगत फिरणाऱ्या हेळव्यांच्या आणि तीर्थाच्या ठिकाणच्या उपाध्यांच्या बाडांतसुद्धा, पुरुषांच्या पिढ्या ओळीने मिळतात आणि बायकांची नावं क्वचित. इथे सखू, गंगू, बाळी अशी नावं लष्कराच्या कागदात टिकली आहेत, ती कोपऱ्यात टाकायची नाहीत. मागच्या सगळ्या ओळी यासाठी पुन्हा बघायच्या.

९ जुलै

त्याच घराचं पुढे. नातू तलाठी कार्यालयात जाऊन जुन्या फेरफारांच्या नकला घेऊन आला. शिपाई मेल्यावर जमिनीला वारस लागलेला फेरफार सापडला: मयताचं नाव, वारस म्हणून त्याच बाईचं नाव, आणि अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, मुलगा. नोंदवहीतली पत्नी आणि फेरफारातली वारस एकच. आडनाव मराठीत, तेव्हाच्या कारकुनाच्या हातचं. घरात आज लावतात तेच. वाचन ‘बहुधा’वरून ‘पक्की’.

यापुढे ज्या घरांशी संपर्क होईल त्यांना तीन गोष्टी विचारायच्या: पदकाची कड, शहीद झाल्यावर आलेली काशाची तबकडी (तीवर हुद्दा-नंबर नसतो, फक्त नाव असतं), आणि फेरफारातली वारस नोंद. गाव नमुना १४ ची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदीची, जुनी पानं असतील तर उत्तमच, पण परदेशात मेलेल्याची नोंद त्यात मिळेलच असं नाही. मुलांच्या जन्माची मात्र मिळते. मोडी लिपीतला कागद निघाला तर घरच्यांनी त्याला लॅमिनेट करू नये, हे आवर्जून सांगा.

१५ जुलै

शोधात ‘कऱ्हाड’ टाकलं तर निम्म्याच ओळी येतात. कारण डोळ्यांना एकच दिसणारं ‘ऱ्ह’ दोन प्रकारांनी टाइप होतं. काहींच्या कळफलकावर नुक्त्याचा ऱ येतो, काहींच्या साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. ‘वाचन’ रकान्यात एकच पद्धत लावून घेतली, नुक्त्याच्या ऱ ची. शोधाच्या खिडकीला दोन्ही चालतील अशी व्यवस्था होते आहे. ‘कराड’ टाकणाऱ्यालाही तेच गाव मिळालं पाहिजे. आकड्यांचंही तसंच, शिपायाचा नंबर देवनागरीत टाका की इंग्रजीत, ओळ एकच यावी.

२२ जुलै

एका स्वयंसेवकाने मराठा पलटणींच्या पानांतली मुसलमान नावं वेगळी काढून ‘चुकीची पलटण?’ असा शेरा मारला होता. शेरे काढले. या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या. सातारा, रत्नागिरीचीच गावं त्यांच्याही ओळींत आहेत, त्याच पाटीवरच्या आकड्यात तेही मोजलेले आहेत.

महार शिपायांविषयी विचारणा वाढली आहे. त्यांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. १११ महार पलटण उभी राहिली ती १९१७ मध्ये, आणि १९२१ मध्ये मोडली. त्यामुळे पूर्वजांचा शोध नुसता मराठा पलटणींत घेऊन थांबू नये, १११ ची पानंही बघावीत. त्याहून जुनं शोधायचं असेल तर नावाच्या शेवटी ‘नाक’ येतं का बघा. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईतली जी नावं आहेत त्यांत ते ठळक दिसतं. वाचनात ते ‘नाक’ गाळायचं नाही.

भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले यांच्या ओळी आखूड आहेत, कित्येकदा गावही नाही. त्यांची यादी शेवटी करू असं ठरत होतं. मी नको म्हटलं. माहिती कमी म्हणून माणूस मागे ठेवायचा नाही, पलटणीच्या पानाबरोबरच त्याची ओळ जाईल.

३० जुलै

१०३ आणि ११० ची पहिली तपासणी झाली. ११० मधल्या गाव न लागलेल्या ओळींची यादी सुभेदारसाहेबांकडे दिली. ते पाटण आणि जावळीच्या माणसांना घेऊन बसणार आहेत. संगमेश्वर-चिपळूणकडच्या वाड्यांसाठी तिथला कोणी जाणता माणूस हवा आहे, ओळखीत असेल तर कळवा.

११७ ची पानं उद्यापासून. या पलटणीला युद्धानंतर ‘रॉयल’ हा किताब मिळाला, त्यामुळे नंतरच्या कागदांत तेच नाव येतं. नोंदवहीत जसं असेल तसं उतरवा, पलटणीचा क्रमांक ११७ ठेवा. पहिल्या पानावर खानापूरच्या सात ओळी आहेत आणि त्यांतल्या दोन ओळींत जिल्हा फाटलेल्या कोपऱ्यात गेला आहे. त्या दोन्ही ओळींत खानापूरपुढे आत्ता काहीही लिहू नका. गावाची नावं दोन्ही तालुक्यांच्या यादीत ताडून बघायला मी घेते.